बग्स बनीचं रेशनकार्ड

एक बॉम्बर विमान नाक खाली करून जमिनीकडे सुटलंय. पंख मागेच कुठेतरी तुटून पडलेत. आत बग्स बनी आहे आणि त्याची पाचावर धारण बसलेली आहे. जमीन जवळ येते... अजून जवळ येते... आणि नाक टेकायला वीतभर अंतर उरलेलं असताना विमान हवेतच गच्चकन थांबतं. कारण? पेट्रोल संपलं! या ‘ए’ कार्डांचं हे असंच असतं, असं काहीतरी बग्स आपल्याकडे वळून सांगतो आणि काचेवर चिकटवलेलं ‘ए’ अक्षराचं स्टिकर आपल्याला दिसतं. संपलं कार्टून.

‘फॉलिंग हेअर’ नावाचं हे कार्टून १९४३ सालचं, बॉब क्लॅम्पेटनं केलेलं. मी ते नेवाशात केबलवर पाहिलं होतं, दुसरी-तिसरीत असताना. विमान पडता पडता थांबलं, एवढी गंमत त्या वयाला पुरेशी होती. ‘ए’ कार्ड म्हणजे काय रे भाऊ, हा प्रश्न गेल्या महिन्यात एका विकांताला तेच कार्टून पुन्हा पाहताना पडला. मग काय, जालावर शिरलो आणि शनिवार-रविवार दोन्ही गेले.

तर गोष्ट अशी. डिसेंबर १९४२ पासून अख्ख्या अमेरिकेत पेट्रोलवर रेशनिंग आलं. साध्या गाडीवाल्याला ‘ए’ कार्ड, म्हणजे आठवड्याला तीन-चार गॅलन. युद्धाच्या कारखान्यात जाणाऱ्याला ‘बी’, डॉक्टर वगैरे मंडळींना ‘सी’. ज्याचं जे अक्षर ते गाडीच्या काचेवर लावायचं. आता खरी मेख अशी की टंचाई मुळात पेट्रोलची नव्हतीच, रबराची होती! १९४२ च्या सुरुवातीला जपाननं मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतलं आणि जगातलं बहुतेक नैसर्गिक रबर त्या मळ्यांसकट तिकडे गेलं. टायर वाचवायचे तर गाड्या कमी धावल्या पाहिजेत, म्हणून पेट्रोल तोडलं आणि वेग ताशी ३५ मैलांवर आणला. थिएटरात बसलेल्या प्रत्येक अमेरिकन माणसाच्या गाडीवर तेच अक्षर चिकटवलेलं. त्यामुळे तो विनोद समजावून सांगायची गरजच नव्हती.

आम्हा प्रोग्रामर लोकांना हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. दहा वर्षं जुन्या कोडमध्ये एखादा विचित्र ‘इफ’ असतो. लिहिणाऱ्याला तेव्हा कारण इतकं स्वच्छ माहीत असतं की तो कॉमेंट टाकत नाही. माणूस कंपनी सोडून जातो, कारणही जातं, ‘इफ’ मात्र तिथेच बसून राहतो.

आणि एकदा शोधायला लागलं की असे ‘इफ’ सगळीकडे दिसायला लागतात. ‘लिटल रेड रायडिंग रॅबिट’ (१९४४) मध्ये लांडगा आजीच्या घरी पोचतो, तर आजी घरी नाहीच. दारावर चिठ्ठी आहे की आजी लॉकहीड कंपनीत स्विंग शिफ्टला गेली आहे. (लॉकहीड म्हणजे विमानांचा कारखाना. पुरुष आघाडीवर, बायका कारखान्यात, म्हणून आजीसुद्धा सेकंड शिफ्टला! आमच्या ऑफिसातल्या कॅबवाल्यांना हा विनोद लगेच कळेल.) ‘स्वूनर क्रूनर’मध्ये पॉर्की पिगचा अंड्यांचा कारखाना आहे. त्याचं नाव लॉकहीड एअरक्राफ्टच्या चालीवर ‘फ्लॉकहीड एगक्राफ्ट’. कोंबड्या शिफ्टला येतात, कार्ड पंच करतात, आणि फ्रँक सिनात्रासारखा एक काटकुळा कोंबडा गायला लागला की अंडी घालायची सोडून मूर्च्छित पडतात. उत्पादन ठप्प. युद्धकाळात उत्पादन ठप्प होणं हा मॅनेजरच्या दृष्टीनं केवढा मोठा गुन्हा, हे त्या वेळच्या प्रेक्षकाला पाठ होतं.

टॉम अँड जेरीला पहिलं ऑस्कर मिळालं ते ‘यांकी डूडल माऊस’ला, तेही १९४३ चंच. ते अख्खं कार्टून म्हणजे तळघरातलं महायुद्ध आहे. जेरीच्या बिळावर हवाई हल्ल्याच्या आश्रयस्थानासारखी पाटी, फक्त ‘एअर’च्या जागी ‘कॅट’. अंड्यांचं खोकं म्हणजे ‘हेन ग्रेनेड’. चीज किसायची किसणी म्हणजे जीप. शेवटी लेफ्टनंट जेरी वर तार पाठवतो की आणखी मांजरं पाठवा. हे मात्र कुठल्याही टिपेशिवाय आजही कळतं. मार बसला की हसू येतंच. माझा अंदाज असा की टॉम अँड जेरी नेवाशापर्यंत पोचले आणि बाकीचे बरेच वाटेत अडकले, त्याचं कारण हेच. बोलणं नाही, नुसती हाणामारी.

त्या काळच्या कार्टूनांत आणखी एक गोष्ट वारंवार येते. मध्येच अंधारातून कोणीतरी खेकसतं, दिवा घालवा! हवाई हल्ल्याच्या भीतीनं ब्लॅकआउट असायचा आणि वॉर्डन गस्त घालायचे, त्याची ती नक्कल. आमच्याकडे असं ओरडायची वेळ कधी आली नाही. भारनियमनाच्या दिवसांत कार्टून निम्म्यावर आलं की दिवे आपोआप जायचे.

असो. इथे थोडं घरचं सांगतो. नेवासा म्हटलं की पैस खांब आणि ज्ञानेश्वरी. १२९० साली आमच्या गावात एका तरुणानं ऐन रणांगणावर घडलेला संवाद लोकांना समजावून सांगितला. त्यासाठी त्यानं चूल, शेत, गाय, दिवा, पाणी असले रोजचे दाखले वापरले. ऐकणाऱ्यांना ते सगळे माहीत होते. तीनशे वर्षांत शब्द जुने झाले, पाठ बिघडले, आणि १५८४ मध्ये पैठणच्या एकनाथांना बसून ती पोथी शुद्ध करावी लागली. आज आपण ती अर्थासकट छापलेली वाचतो, एका पानावर ओव्या आणि खाली टिपा. ज्ञानेश्वरी आणि बग्स बनी एका परिच्छेदात आणल्याबद्दल आजी मला जेवायला वाढणार नाही, पण रोजच्या वापरातला दाखला सगळ्यात आधी शिळा होतो हे दोन्हीकडे दिसतं खरं.

अमेरिकेत हे सगळं स्वयंस्फूर्त चाललं होतं असंही नाही. पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर लगेच लष्करानं डिस्नेच्या स्टुडिओत मुक्काम ठोकला आणि पुढे स्टुडिओचं बहुतेक काम सरकारी झालं. डोनाल्ड डकचं ‘डेर फ्युरर्स फेस’ (जानेवारी १९४३) त्यातलंच. डोनाल्ड नाझी राज्यात कामगार आहे, नाश्त्याचा पाव करवतीनं कापावा लागतो, आणि पट्ट्यावरून येणाऱ्या तोफगोळ्यांना टोपणं बसवता बसवता त्याला वेड लागतं. मध्येच हिटलरचा फोटो आला की सलाम ठोकायचा, टोपण चुकलं तरी चालेल. या छोट्याशा कार्टूनाला ऑस्कर मिळालं. नंतर डिस्नेनं ते कपाटात ठेवलं ते २००४ च्या डीव्हीडी संचापर्यंत बाहेर काढलं नाही.

माझा आवडता मात्र प्रायव्हेट स्नाफू. हा फक्त सैनिकांसाठी होता, थिएटरात कधी लागला नाही. नाव म्हणजे पाच इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. त्यातला एक शब्द छापण्यासारखा नाही, पण एकूण भावार्थ असा: परिस्थिती नेहमीसारखीच आहे, म्हणजे सगळा बट्ट्याबोळ. (आमच्या सोमवारच्या स्टेटस मीटिंगला हे एका शब्दात सांगता आलं असतं तर अर्धा तास वाचला असता.) लष्कराच्या या कामासाठी वॉर्नरनं डिस्नेपेक्षा बरीच स्वस्त बोली लावली आणि टेंडर मिळवलं. चक जोन्स, फ्रिझ फ्रेलेंग, फ्रँक टॅशलिन असे दिग्दर्शक, मेल ब्लँकचा आवाज, आणि बऱ्याच गोष्टी लिहिणारा होता थिओडोर गाइझेल, म्हणजे आपण लहानपणी ‘डॉक्टर स्यूस’ म्हणून वाचतो तो. स्नाफू दर वेळी नियम मोडतो आणि बहुतेक वेळा मरतो. गुपित बडबडतो, सापळ्यात पाय घालतो, मच्छरदाणी लावत नाही.

मच्छरदाणीचा विनोद किती गंभीर होता ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर कळतं. तिथे चौदाव्या सैन्याचा सेनापती असलेल्या जनरल स्लिमनं लिहून ठेवलंय की १९४३ मध्ये एका जखमी सैनिकामागे १२० आजारी सैनिक मागे न्यावे लागत होते. यात मलेरियाचा वाटा मोठा. आणि त्या सैन्यात सगळ्यात जास्त होते ते भारतीय.

जाता जाता प्रोग्रामर बांधवांसाठी. आपण उदाहरणाच्या कोडमध्ये ‘फू’ आणि ‘बार’ लिहितो, ते कुठून आलं? २००१ च्या एप्रिल फूलला इंटरनेटच्या मानकांच्या मालिकेत चक्क एक दस्तऐवज निघाला, आरएफसी ३०९२, विषय ‘फू’ची व्युत्पत्ती. एप्रिल फूलचा असला तरी आतला मजकूर चांगला खरा आहे. ‘फू’ १९३० च्या दशकातल्या बिल होलमनच्या ‘स्मोकी स्टोव्हर’ या चित्रमालिकेतून पसरला, आणि क्लॅम्पेटच्याच १९३८ च्या ‘डॅफी डॉक’मध्ये डॅफी हातात एक पाटी धरतो तीवरही तो शब्द आहे. पुढे सैनिकांची स्नाफूसारखीच शिवी ‘फूबार’ येऊन त्यात मिसळली. तसंच ‘ग्रेमलिन’चं. विमानात काय बिघडलं ते सापडेना की ब्रिटिश वैमानिक एका काल्पनिक खट्याळ प्राण्यावर ढकलून मोकळे व्हायचे. रोआल्ड डाल स्वतः त्या हवाई दलात वैमानिक होता, त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं, डिस्नेनं सिनेमा करायचं ठरवलं आणि मग सोडून दिलं. वर सांगितलेल्या ‘फॉलिंग हेअर’मध्ये बग्सला छळणारा तो टिल्लू प्राणी हाच. बग रिप्रोड्यूस होत नाही तेव्हा आपण ज्याच्या नावानं बोटं मोडतो, तो.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. मग मी ‘बग्स बनी निप्स द निप्स’ लावलं. १९४४ चं, फ्रेलेंगचं. बग्स पॅसिफिकमधल्या एका बेटावर पोचतो. तिथे जपानी सैनिक आहेत: सगळे एकाच साच्याचे, पुढे आलेले दात, जाड चष्मे. बग्स आइस्क्रीमवाला बनून त्यांना आइस्क्रीम वाटतो, आत ग्रेनेड असतात, आणि वाटता वाटता प्रत्येकाला वंशावरून शिवी देतो. सगळे मरतात. तेच संगीत, तोच आवाज, गाजर खायची तीच ऐट. १९९० च्या दशकात आक्षेप आल्यावर ते घरगुती व्हिडिओ संचातून काढलं गेलं. ते मी लहानपणी पाहिलं नाही, पण पाहिलं असतं तर हसलो असतो याची मला जवळजवळ खात्री आहे. हिटलरवरच्या कार्टूनांत हिटलर एकटा मूर्ख असतो, फार तर गोअरिंग. जपान्यांवरच्या कार्टूनांत अख्खी जातच माणसाच्या खालची असते. हा फरक तेव्हा विनोद म्हणून खपला, आणि ज्या देशात स्वतःच्याच जपानी वंशाच्या लाखाहून जास्त लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं तिथे तो खपला, हे विसरता येत नाही.

जपानही मागे नव्हता. त्यांच्या नौदलानं पैसे घालून ‘मोमोतारो’ या लोककथेतल्या वीरावर ७४ मिनिटांचा कार्टूनपट काढला, एप्रिल १९४५ मध्ये. गोंडस अस्वलं, माकडं, ससे सैनिकांच्या वेषात दक्षिणेकडच्या बेटावर जातात, तिथल्या प्राण्यांना जपानी अक्षरं शिकवतात आणि शेवटी लटपटत्या इंग्रज अधिकाऱ्यांकडून शरणागती घेतात. तो प्रसंग सिंगापूरच्या शरणागतीवर बेतलेला आहे, १५ फेब्रुवारी १९४२. चित्रपट लागला तेव्हा शहरांतली मुलं बॉम्बहल्ल्यांमुळे खेड्यांत पाठवलेली होती, त्यामुळे ज्यांच्यासाठी केला त्यांतल्या फार थोड्यांनी पाहिला. पाहणाऱ्यांत एक होता ओसामु तेझुका, पुढे ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ काढणारा.

सिंगापूरला इंग्रजांबरोबर हजारो भारतीय सैनिक कैद झाले होते. ते त्या कार्टूनात कुठेच नाहीत. अमेरिकन कार्टूनांतही नाहीत. आणि हिशेब बघा: ज्या जपानी मुसंडीनं अमेरिकेचं रबर गेलं आणि बग्सच्या विमानाला ‘ए’ स्टिकर लागलं, त्याच मुसंडीत ब्रह्मदेश पडला आणि बंगालला येणारा तिथला तांदूळ थांबला. त्यावर सरकारी धोरणाचा, साठेबाजीचा आणि नावा-होड्या जप्त करण्याचा कळस झाला. १९४३ च्या दुष्काळात मेलेल्यांचा आकडा वीस लाखांपासून तीस लाखांच्या पुढेपर्यंत सांगतात. एकाच नकाशावरच्या एकाच बाणाचे हे दोन परिणाम, एक सात मिनिटांचा आणि दुसरा हा.

आपल्याकडे मुंबईतही १९४३ मध्ये धान्याचं रेशनिंग सुरू झालं. त्या वेळचा एक शब्द आमच्या तालुक्यात अजून जिवंत आहे. नेवाशात जुनी माणसं रेशनच्या दुकानाला ‘कंट्रोल’ म्हणतात. कंट्रोलची साखर, कंट्रोलचं रॉकेल, कंट्रोलचा गहू. आजी अजून मला विचारते, “अरे, कंट्रोलला माल आलाय का बघ.” तिला युद्धाचं काही सांगता येत नाही, तिचा जन्मच नंतरचा. शब्द मात्र तिच्या सासूकडून तिच्याकडे आला. अमेरिकेचं ‘ए’ कार्ड १९४५ मध्ये संपलं आणि विनोदही संपला. आमचं कंट्रोल संपलंच नाही, त्यामुळे त्याला टीप लागली नाही.

मग प्रश्न पडला: आपल्याकडे युद्धावर कार्टून का झालं नाही?

माणसं नव्हती असं नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केली होती. काड्यापेटीतल्या काड्या एकेक फ्रेमला किंचित सरकवून चित्र घ्यायचं, म्हणजे ज्याला आपण स्टॉप मोशन म्हणतो ते. तेही महायुद्धाच्याच सावलीत, पहिल्या. पैसे अडकलेले, कच्ची फिल्म मिळेना, मग मोठा चित्रपट थांबवून असले छोटे प्रयोग. (योगायोग बघा: इंग्लंडात आर्थर मेलबर्न-कूपरनं अशाच काड्या नाचवून एक जाहिरात केली होती, सैनिकांना काड्यापेट्या पाठवा म्हणून. ती बोअर युद्धातली १८९९ ची की १९१४ ची, यावर अभ्यासक अजून भांडतात.) १९३४ मध्ये ‘प्रभात’नं ‘जंबू काका’ हे कार्टून काढलं होतं. जी. के. गोखल्यांचं ‘सुपरमॅन्स मिथ’ १९३९ चं. म्हणजे युद्ध सुरू झालं तेव्हा चित्र हलवता येणारे हात इथे होते.

पण वॉर्नरसारखा कारखाना नव्हता. सात मिनिटांचं कार्टून म्हणजे सेकंदाला २४ प्रमाणे १०,०८० फ्रेम. फिल्म थोडीच लागते, माणसं मात्र ढीगभर. तेवढ्या माणसांचे पगार निघायला दर आठवड्याला थिएटरात छोट्या चित्रपटाची जागा हवी. आपल्याकडे ती जागा सरकारनंच अडवली. युद्धामुळे फिल्मची टंचाई म्हणून पूर्ण लांबीच्या चित्रपटावर ११,००० फुटांची मर्यादा आली, पुढे परवाने आले, आणि १९४३ पासून प्रत्येक खेळाला २,००० फूट सरकारमान्य माहितीपट दाखवणं सक्तीचं झालं. म्हणजे साधारण बावीस मिनिटं युद्धप्रचार, तोही थिएटरवाल्यानं भाडं भरून. त्यानंतर पुन्हा कार्टून कोण लावणार?

दुसरं कारण मला जास्त पटतं. विनोदाला ‘आपण’ लागतात. बग्स हिटलरला चिमटा काढतो तेव्हा सगळं थिएटर बग्सच्या बाजूला असतं. १९४३ च्या महाराष्ट्रात युद्ध नक्की कोणाचं होतं? पंचवीस लाख भारतीय सैन्यात होते. त्यातले नामदेव जाधव आमच्याच जिल्ह्यातल्या निमज गावचे, मराठा लाइट इन्फंट्रीत. जानेवारी १९४५ मध्ये ‘हर मीट्स हेअर’ आलं, ज्यात बग्स जर्मनीच्या जंगलात गोअरिंगची टर उडवतो. त्यानंतर तीन महिन्यांनी, ९ एप्रिलला, इटलीत सेनिओ नदीवर जाधवांनी दोन जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांतून उचलून आणलं, मग परत जाऊन शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. हाताला जखम झाल्यावर बंदूक टाकून हातबाँब फेकत. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आणि त्याच जिल्ह्यात, नेवाशापासून साठेक किलोमीटरवर, अहमदनगरच्या किल्ल्यात काँग्रेसची कार्यकारिणी ऑगस्ट १९४२ पासून कैदेत होती. एकाच जिल्ह्याचा एक माणूस इंग्रजांच्या बाजूनं लढतोय आणि त्याच जिल्ह्याच्या किल्ल्यात इंग्रजांनी नेहरू, पटेल, आझाद डांबून ठेवलेत. अशा ठिकाणी पडद्यावर हिटलरची खिल्ली उडवली तर टाळी कोण वाजवणार आणि कोणासाठी?

त्यामुळे इथला युद्धकालीन विनोद वाकड्या वाटेनं आला. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा ‘किस्मत’ १९४३ मध्ये लागला. त्यात कवी प्रदीपांचं एक समरगीत आहे, परक्यांना घालवून देणारं. नावं घेतलीत ती जर्मन आणि जपान्यांची, म्हणून सेन्सॉरनं शिक्का मारला. थिएटरातल्या प्रत्येकाला परका कोण ते कळत होतं, आणि कळतंय हे सेन्सॉरला सांगता येत नव्हतं. कार्टूनवाल्यांनाही हेवा वाटावा असा डबल मीनिंग प्रकार. कलकत्त्याच्या रॉक्सीत तो चित्रपट तीन वर्षांहून जास्त चालला.

आणि युद्धकाळातलं आपलं सगळ्यात चांगलं कार्टून, माझ्या मते, त्या नगरच्या किल्ल्यातच तयार झालं. कागदावर. मौलाना आझादांनी तिथे आपल्या एका स्नेह्याला पत्रं लिहिली, जी पाठवली गेली नाहीत आणि १९४६ मध्ये ‘गुबार-ए-ख़ातिर’ नावानं छापली गेली. विद्वान माणूस, फारसी शेरांची पेरणी, तब्येतीनं चहा पिणारा. तुरुंगाधिकाऱ्याला त्यांनी ‘चीता खान’ असं नाव ठेवलं, चांदबिबीच्या काळातल्या किल्ल्यावरच्या एका हबशी सरदाराचं, आणि ते नाव सगळ्या कैद्यांत रूढ झालं. साडेतीनशे वर्षं जुना दाखला, टीप आपोआप आली कारण किल्ला तोच होता!

मार्च १९४३ मधल्या पत्रांत चिमण्यांशी झालेल्या लढाईची हकीकत आहे. खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटी बांधायला घेतली आणि वरून काड्या-कचरा मौलानांच्या अंगावर पडायला लागला. मौलानांनी युद्ध पुकारलं. आधी छत्री घेऊन चढाई, मग लांब बांबू. वर्णन एखाद्या महाकाव्यातल्या रणसंग्रामाचं, आणि शत्रू म्हणजे मूठभर पिसं. मैदान मारलं म्हणून विजयी मुद्रेनं खुर्चीत बसावं, तर पाठीमागे पुन्हा चिवचिवाट. शेवटी तह. तांदळाचे दाणे आधी लांब, मग जवळ, मग तळहातावर. चिमण्यांना नावंही पडली, एक कलंदर, एक मोती, एक मुल्ला. मी ते अनुवादात वाचलं तेव्हा डोळ्यांपुढे टॉमच आला, हातात झाडू घेतलेला. ‘यांकी डूडल माऊस’ यानंतर तीन महिन्यांनी थिएटरात लागलं. त्या चिमण्यांनंतर तीन-चार आठवड्यांतच, ९ एप्रिल १९४३ रोजी, मौलानांची पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारली. तिला भेटायला सोडा असा अर्ज सरकारकडे करायला त्यांनी नकार दिला होता. त्याबद्दलचं पत्रही त्याच पुस्तकात आहे, चिमण्यांच्या पुढे काही पानांवर.

किल्ला आजही लष्कराकडे आहे आणि नेत्यांना ठेवलं होतं ती बरॅक पाहता येते. शाळेच्या सहलीत आमची गाडी किल्ला आणि रणगाड्यांचं संग्रहालय असं दोन्ही करायची. साहजिकच रणगाडे जास्त लक्षात राहिले.

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये सरकारी प्रचारपटांचं ते खातं, ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’, बंद झालं. त्यामुळे १५ ऑगस्ट १९४७ ला केंद्र सरकारकडे स्वतःचा चित्रपट विभागच नव्हता. १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन आलं आणि सक्तीचा माहितीपटही परत आला. (वडील सांगतात, ती रीळ सुरू असतानाच लोक समोसे घेऊन यायचे.) पण त्यातूनच कार्टूनला पहिल्यांदा पगार मिळाला. १९५६ मध्ये क्लेअर वीक्स नावाचा डिस्नेचा अ‍ॅनिमेटर, भारतातच मिशनरी घरात जन्मलेला, ‘बाम्बी’वर काम केलेला, अमेरिकेच्या तांत्रिक मदतीतून मुंबईत आला आणि त्यानं इथल्या मुलांना शिकवलं. गोखले तिथेच होते. १९५७ चं ‘द बनियन डिअर’ हे त्या शाळेचं पहिलं मोठं काम.

त्या मुलांत एक होते राम मोहन. युगो साको नावाच्या जपानी दिग्दर्शकाला रामायणावर कार्टूनपट काढायचा होता तेव्हा, कोइची सासाकी यांच्याबरोबर, राम मोहन त्याचे सहदिग्दर्शक झाले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स राम’ पूर्ण झाला. राम, लक्ष्मण, वानरसेना, लंकेचं युद्ध, सगळं जपानी चित्रकारांच्या हातचं. जानेवारी २०२५ मध्ये तो भारतातल्या थिएटरांत पुन्हा लागला. आम्ही मात्र तो नेवाशात सुट्टीच्या दिवशी केबलवर पाहिलेला, हिंदीत, रामाला अरुण गोविलचा आणि रावणाला अमरीश पुरींचा आवाज. चॅनेल तेच, ज्यावर एरवी बग्स बनी लागायचा.